टर्नआधीचा श्वास: लांब पल्ल्याच्या पोहण्यात फ्लिप टर्न आणि दमसास

मागच्या उन्हाळ्यात मुलीला काठावर उभं केलं आणि फोनच्या घड्याळावर एकच गोष्ट मोजायला सांगितली. भिंतीआधीचा माझा शेवटचा श्वास आणि फ्लिप टर्ननंतरचा, म्हणजे भिंतीशी कोलांटी मारून उलट फिरल्यानंतरचा, पहिला श्वास, यांच्यामध्ये किती वेळ जातो? उत्तर आलं सहा सेकंद. ताजा असताना साडेपाच, दमल्यावर साडेसहा. सहा सेकंदांचं ते काय, असं वाटेल. पण पंचवीस मीटरच्या टँकमध्ये १५०० मीटर पोहायचं तर ६० लेंग्थ (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर) आणि ५९ टर्न होतात. ५९ गुणिले सहा म्हणजे ३५४ सेकंद. जवळजवळ सहा मिनिटं बिनश्वासाची! पन्नास मीटरच्या टँकमध्ये टर्न २९, म्हणजे हाच हिशेब तीन मिनिटांच्या आत येतो. पुण्यात बालेवाडीच्या मोठ्या, पन्नास मीटरच्या तलावात १५०० निभावायचं आणि नेहमीच्या पंचवीसच्या टँकमध्ये आठशेलाच धाप लागायची, हे माझं जुनं कोडं त्या दिवशी सुटलं. मोठ्या तलावात खांदे भरून येतात, छोट्यात दम तुटतो.

हा लेख अशा लोकांसाठी आहे, ज्यांना फ्रीस्टाइल न थांबता चारशे मीटर जमतं, फ्लिप टर्नही कशीबशी येते, पण चार-सहा टर्न झाल्या की भिंतीला हात लावून उभं राहावंसं वाटतं. चारशे अजून होत नसेल तर आधी ते करा, कोलांटी कुठे पळून जात नाही.

दम नेमका कुठे जातो

आमच्या बॅचला एक काका आहेत, सत्तरीकडे झुकलेले. त्यांनी एकदा आमच्या प्रशिक्षक सरांना विचारलं, "अहो सर, मी चाळीस वर्षं प्राणायाम करतोय. मिनिटभर कुंभक सहज होतो. मग इथे तिसऱ्या टर्नलाच जीव का कासावीस होतो?" सर म्हणाले, "काका, कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, मांडी घालून करता की पळता पळता?"

श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. शांत बसलेल्या माणसात तो हळू साठतो. पोहताना स्नायू तो भराभर तयार करत असतात, त्यात टर्नला पोट आवळलं जातं आणि मांड्या भिंतीवर जोर लावतात. अशा वेळी छातीत हवा कोंडून धरली की दुहेरी तोटा होतो. एक, गुदमरल्यासारखं वाटतं. दुसरा तोटा मोठा आहे: वर आल्यावर तोंड पाण्याबाहेर असतं तेवढ्या जेमतेम अर्ध्या सेकंदात आधी जुनी हवा सोडायची आणि मग नवी घ्यायची अशी दोन कामं करावी लागतात. ती होत नाहीत. अर्धा श्वास मिळतो. पुढची टर्न त्या अर्ध्या श्वासावर, मग पाव श्वासावर. आठव्या टर्नला येणारी धाप ही दुसऱ्या टर्नपासून साचत आलेली उधारी असते.

याच्या उलट चूकही तितकीच प्रचलित आहे. "पाण्यात श्वास सोडा, पूर्ण सोडा" असं शिकवलेलं असतं, म्हणून माणूस भिंतीपर्यंत येतानाच छाती रिकामी करून टाकतो. मग कोलांटीत आपण उताणे होतो, नाकपुड्या वरच्या दिशेला येतात, आत ढकलायला हवा शिल्लक नसते आणि नाकातोंडात पाणी जातं. इथे ते म्हणीतल्यासारखं नाही, खरोखरच जातं.

तेव्हा प्रश्न जास्त हवा भरण्याचा नाही, असलेली पुरवून वापरण्याचा आहे. शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांना हे लगेच पटेल. लांब तानेचा श्वास गवई तान सुरू होण्याआधी घेतो आणि समेपर्यंत तो पुरवतो. तान अर्धी झाल्यावर श्वास शोधायला लागला की ऐकणाऱ्यालाही कळतं. याला आपल्याकडे दमसास असा सुरेख शब्द आहे.

आधी भ्रामरी

पहिले तीन-चार दिवस टर्न मारूच नका. घरी खुर्चीत बसून भ्रामरी करा: ओठ मिटलेले, नाकातून 'म्‌ऽऽऽ' असा गुंजारव. हात नाकासमोर धरला तर कळेल की हवा अगदी बारीक, पण सलग येते आहे. टर्नमध्ये नेमकी हीच धार हवी. नाकातून हवा बाहेर येत असेल तर पाणी आत जाऊ शकत नाही, आणि गुंजारव असल्यामुळे ती भसकन संपतही नाही.

मग टँकमध्ये छातीभर पाण्यात उभं राहा. डोकं पाण्याखाली घाला आणि सहा आकडे मोजेपर्यंत गुंजारव करत राहा. मग डोकं वर काढून लगेच श्वास घ्या. दहा वेळा. सहाला पोचायच्या आत हवा संपत असेल तर धार जाड आहे. सहानंतरही छाती फुगलेलीच वाटत असेल तर फारच बारीक आहे. सहाच्या सुमाराला थोडीच हवा उरेल असा वेग अंगवळणी पाडा.

त्यानंतर भिंतीपासून लांब, टँकच्या मध्यावर, खोल पाण्यात नुसत्या कोलांट्या. दोन हात मारा, श्वास घ्या, आणखी एक हात मारा, हनुवटी छातीला लावा आणि गुंजारव करत उलटे व्हा. हनुवटी आत जाण्याआधी गुंजारव सुरू झालेला असला पाहिजे. उलटं झाल्यावर सुरू केला तर उशीर झाला, हे नाक सांगतंच.

नोज क्लिप लावू का, असं बरेच जण विचारतात. लावा की, त्यात लाज कसली. सायनसचा त्रास असेल तर लावाच. मी दोन महिने लावली होती. मग एकदा ती तळाशी गेली आणि दुसरी आणायचा कंटाळा केला.

भिंतीकडे येताना

टँकच्या तळावर काळी रेघ असेल तर ती भिंतीपासून २ मीटर आधी संपते आणि तिथे आडवी पट्टी असते. स्पर्धेच्या टँकवर भिंतीपासून ५ मीटरवर बॅकस्ट्रोकसाठी (उताणं पोहणाऱ्यांना भिंत कळावी म्हणून) झेंड्याही लावलेल्या असतात. आपल्याकडच्या बऱ्याच टँकवर एरवी झेंड्या नसतात, म्हणून बाजूची शिडी, फरशीचा बदललेला रंग, काठावरचा खांब असं काहीतरी खूण म्हणून पक्कं करा. तिथून भिंतीपर्यंत तुमचे किती हात होतात ते मोजा. माझे चार होतात. दमलो की पाच.

शेवटचा श्वास घ्यायचा तो शेवटून दुसऱ्या हाताला. त्या हाताची बाजू तुमच्या श्वासाची नसेल तर शेवटून तिसऱ्याला. शेवटच्या हाताला नाही, कारण त्या वेळी मान वळलेली असते, भिंत डोळ्यांना दिसत नाही आणि वळलेल्या मानेने कोलांटी मारली की अंग तिरकं फिरतं. शिवाय श्वास अजून आत येत असतानाच हनुवटी छातीला टेकते, म्हणजे पुन्हा अर्धाच श्वास.

इथे एक भांडण मिटवून टाकतो. "झेंड्यांच्या आत श्वास घ्यायचा नाही" हा नियम बऱ्याच ठिकाणी वेदवाक्यासारखा सांगितला जातो. शंभर मीटरवाल्यांसाठी तो ठीक आहे. पन्नास मीटरच्या शर्यतीत तर पट्टीचे पोहणारे एखादाच श्वास घेतात किंवा घेतच नाहीत. पण दीड हजार मीटर पोहणाऱ्याने प्रत्येक लेंग्थला पाच मीटर आधीच श्वास बंद करणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून उपास धरणं. आपल्याला तो श्वास लागतो. घ्या.

त्याआधीचे दोन श्वासही महत्त्वाचे. तुम्ही दर तीन हातांना श्वास घेत असाल तर शेवटच्या सात-आठ मीटरमध्ये दर दोन हातांवर या. म्हणजे भिंतीशी पोहोचताना कार्बन डायऑक्साइडचं ओझं थोडं हलकं झालेलं असतं. हे श्वास मोठे पण सहज असावेत, घाबरून ओढलेले नसावेत. छाती ठासून भरली तर अंगही उगाच वर उचललं जातं. आकंठ नको, पाऊण भरली की पुरे.

आणि भिंत पाहायला डोकं वर काढू नका! ही सवय विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हमखास असते, कारण विहिरीत डोकं वर ठेवूनच पोहायचं असतं. डोकं वर आलं की कंबर बुडते, वेग मरतो, कोलांटी सावकाश होते आणि बिनश्वासाच्या सहा सेकंदांचे आठ होतात. तळावरची रेघ पाहा, भिंत तिथूनच कळते.

कोलांटीत आणि भिंतीवर

शेवटचा हात मांडीशी संपला की दुसराही तिथेच असतो. डोकं भिंतीपासून साधारण एक मीटरवर असताना हनुवटी आत, गुडघे पोटाशी, तळवे खाली दाबायचे. गुंजारव सुरू. पाय भिंतीला लागतात तेव्हा तुम्ही उताणे किंवा थोडे कुशीवर असता. तसेच ढकला, आधी पोटावर वळायच्या भानगडीत पडू नका. भिंतीवर पाय टेकवून वळत बसणं हा हवेचा शुद्ध अपव्यय आहे. वळायचं ते ढकलल्यानंतर, सरकता सरकता.

यातला एक बारकावा मला फार उशिरा कळला. गुंजारव कोलांटी संपली की थांबवायचा नसतो, पूर्ण पोटावर वळेपर्यंत चालू ठेवायचा. मी पाय भिंतीला लागताच तो बंद करायचो, आणि ढकलल्याबरोबर उताण्या नाकात पाणी शिरायचं. कित्येक महिने मी कोलांटीला दोष देत होतो, चूक कोलांटीनंतरची होती.

पोटावर आलात की धार अगदी बारीक करा, जवळजवळ थांबवा. हात डोक्यापुढे एकावर एक, कान दंडांच्या मध्ये. भिंतीच्या धक्क्याने मिळालेला वेग हा तुमच्या अख्ख्या लेंग्थमधला सर्वांत जास्त वेग असतो, आणि तो फुकट मिळालेला असतो. तो ओसरून पोहण्याच्या वेगाइतका झाला की वर यायचं. नियमाने १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं, पण तो परवाना आहे, सक्ती नाही. आपल्यासारख्या हौशी माणसाने एक किंवा दोन डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून एकदम मारलेली लाथ) मारून चार-पाच मीटरवर वर यावं. मांड्या हे शरीरातले मोठे स्नायू, त्यांना ऑक्सिजन लागतो भरपूर. चार किक मारून मिळवलेला अर्धा मीटर पुढच्या शंभर मीटरमध्ये व्याजासह परत जातो.

वर आल्यावरचे दोन हात

सगळ्यांत जास्त मोह इथे होतो. डोकं पृष्ठभागावर आलं रे आलं की तोंड हवेकडे धावतं. पहिल्याच हाताला श्वास घेतला तर मान वळते, पुढचा हात खाली दाबला जातो आणि भिंतीने दिलेला वेग तिथेच मोडतो. म्हणून पहिला हात बिनश्वासाचा. पण त्या हाताला एक काम आहे: राखून ठेवलेली सगळी हवा आता सोडून द्यायची, नाकातोंडातून, जोरात, बुडबुड्यांचा आवाज कानांना ऐकू येईल इतकी. दुसऱ्या हाताला तोंड बाहेर येतं तेव्हा छाती रिकामी असते आणि हवा आपोआप आत येते, ओढावी लागत नाही.

दुसऱ्या हाताची बाजू तुमच्या श्वासाची यावी यासाठी पहिला हात कोणता मारायचा ते आधीच ठरवा. उजवीकडे श्वास घेणाऱ्याने वर येताना पहिला हात डावा मारावा. हे रोज तसंच, न चुकता. त्यानंतर लागोपाठ तीन श्वास दर दोन हातांना घ्या. तीन-तीनवर पोहणारे असलात तरीही. मग आपल्या नेहमीच्या लयीला या.

टर्नच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हातांचे श्वास आणि मध्ये तुमची नेहमीची लय, एवढ्या एका बदलाने मला पंचवीसच्या टँकमध्ये १५०० सलग जमू लागलं. अंगात ताकद काही वाढली नव्हती.

सराव

पहिला आठवडा: टँकच्या मध्यावरून निघा, भिंतीला टर्न मारा, पुन्हा मध्यावर येऊन थांबा. असे आठ. दर वेळी अर्धा मिनिट विश्रांती. लक्ष फक्त गुंजारव आणि शेवटच्या श्वासाच्या जागेवर. वेळ मोजू नका.

दुसरा आणि तिसरा आठवडा: १०० मीटरचे सहा, मध्ये वीस सेकंद. इथे पंचवीसच्या टँकमध्ये प्रत्येक शंभरात तीन टर्न येतात. तिसऱ्या टर्ननंतर दुसऱ्या हातालाच श्वास घेता आला का, की पहिल्यालाच तोंड उघडलं? एवढंच मनात नोंदवा. दोनदा लागोपाठ पहिल्याला उघडलं तर वेग कमी करा. टर्न सोडू नका, वेग सोडा. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

चौथ्या आठवड्यापासून चारशेचे दोन. पहिल्यात एक आड एक टर्न फ्लिप, उरलेल्या साध्या, हात लावून. दुसऱ्यात सगळ्या फ्लिप. साधी टर्न म्हणजे कमीपणा नव्हे. तिला सेकंदभर जास्त लागतो, पण भिंतीशी एक भरघोस श्वास मिळतो. १५०० च्या मध्यावर दम बिघडला तर दोन टर्न साध्या मारून गाडी रुळावर आणा आणि पुन्हा फ्लिप सुरू करा.

"पण मला तर समुद्रात पोहायचंय, तिथे भिंत कुठे?" हा प्रश्न आमच्याकडे दर हिवाळ्यात येतो, कारण बॅचमधले काहीजण मालवणच्या चिवला बीचवरच्या सागरी स्पर्धेला जातात. बरोबर आहे. आपल्या पुण्याचे रोहन मोरे २०१८ मध्ये 'ओशन्स सेव्हन' या सातही सागरी खाड्या पोहून जाणारे पहिले आशियाई ठरले, त्या खाड्यांतही टर्न नव्हती. पण समुद्रात श्वासाच्या क्षणीच लाट तोंडावर येते, तो श्वास चुकतो आणि पुढच्यापर्यंत न घाबरता थांबावं लागतं. ही सवय टँकमध्ये दुसरीकडे कुठे लागणार? शिवाय दर पंचवीस मीटरला टँकचा काठ पकडून उसासा टाकत पोहलेले तीन किलोमीटर हे तीन किलोमीटर नसतात, ते एकशेवीस वेळा पंचवीस मीटर असतात.

आपले टँक, आपल्या अडचणी

एप्रिल-मेमध्ये एका लेनमध्ये आठ माणसं असतात. भिंतीशी कोणी ना कोणी गॉगल नीट करत उभं असतंच. त्या दिवसांत फ्लिपचा हट्ट धरू नका, ढकललात तर समोरच्याच्या पोटात जाल. पहाटेची पहिली बॅच त्यातल्या त्यात मोकळी. लेनच्या मध्यावर भिंतीला लागायचं आणि उजवीकडे निघायचं की डावीकडे, हे सोबत्यांशी आधी बोलून घ्या. पुण्यात हे बोलणं चर्चासत्राचं रूप घेऊ शकतं, तेव्हा उतरण्याआधी पाच मिनिटं जास्त धरा.

उथळ बाजूला पाणी कमरेएवढंच असेल तर तिथे फ्लिप नको. टाचा काठावर आणि डोकं तळावर आपटू शकतं. खोल बाजूला फ्लिप, उथळ बाजूला साधी टर्न. सोसायट्यांच्या पंधरा-सोळा मीटरच्या टँकमध्ये लांब पल्ल्याचा फ्लिप सराव करूच नये असं माझं मत आहे. दर पंधरा-वीस सेकंदांनी टर्न येते, श्वासाची लय बसायला जागाच उरत नाही.

डिसेंबर-जानेवारीत न तापवलेल्या टँकचं पाणी असं असतं की उतरताच हुडहुडी भरून श्वास आखूड होतो. पहिले दोनशे मीटर साध्या टर्नने काढा, अंग गरम होऊ द्या. थंड पाण्यात पहिल्याच लेंग्थला कोलांटी मारली की गुंजारवाचा उसासा होतो.

हे मात्र करू नका

पाण्याखाली जाण्याआधी जोरजोरात दहा-बारा श्वास घेऊन "स्टॉक" करण्याचा प्रकार तरुण मुलांत फार आहे. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवली जाते. मग श्वास घ्यावासा वाटण्याआधीच शुद्ध हरपू शकते, पाण्याखाली, आवाज न करता, उथळ पाण्यातसुद्धा. एका श्वासात किती लेंग्थ, अशा पैजा लावू नका आणि दुसरं कोणी लावत असेल तर जीवरक्षकाला सांगा.

दमा, रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा चक्कर येण्याची सवय असेल तर फ्लिप टर्न डॉक्टरांना विचारूनच. सर्दीने नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी साध्या टर्न. कोलांटीनंतर दिशा कळेनाशी झाली, डोकं दुखायला लागलं तर भिंतीला धरून उभं राहा, त्या दिवशीचा सराव तिथेच संपला.

महिन्यातून एकदा कोणाला तरी काठावर उभं करून ते सेकंद पुन्हा मोजायला सांगा. पहिल्या पाच टर्न आणि शेवटच्या पाच. आकडा कमी व्हावा ही अपेक्षा नाही, पहिल्या पाचांतला आणि शेवटच्या पाचांतला फरक कमी व्हायला हवा. माझा आता साडेपाच आणि पावणेसहा आहे. काकांचा सात आणि सात. ते अजून कुंभकाचा आग्रह सोडत नाहीत, पण टर्नला त्यांच्या नाकातून येणारा 'म्‌ऽऽऽ' शेजारच्या लेनमध्ये ऐकू येतो.